पाण्यातलं बुजगावणं

बोटीवर तिला कुणी नावाने हाक मारत नाही. तिथे ती परतबाई.

पडद्यावरून समुद्राचा तळ सरकत असतो. तासन्‌तास तेच ते. गाळ, वाळूच्या वळ्या, एखादा दगड, कधीकाळी कुणीतरी भिरकावलेलं टायर. बघणाऱ्यांचे डोळे जड होतात, कुणीतरी जांभई देत म्हणतं, "इथे काही नाही, चला पुढे." तेवढ्यात हिचा आवाज येतो, "परत एकदा जाऊ."

सुरुवातीला सगळे वैतागले, मग भांडले, मग नाव ठेवून मोकळे झाले. नाव कानावर आलं तेव्हा ती खळखळून हसली. "झकास आहे. आता परत एकदा जाऊ."

उंची बेताची, आवाज दणदणीत. आणि समुद्रावर पोट असलेल्या बाईला अजिबात शोभणार नाही इतकी तिला बोट लागते. एका खिशात कोरडी बिस्किटं, खांद्यावर टॉवेल, पायाशी बादली. लाटा वाढल्या की पडद्यावरची नजर न काढता बादलीत ओकते, तोंड पुसते आणि म्हणते, "हं, डावीकडची ती सावली जरा मोठी करा." लाजबिज तिच्या गावीही नाही.

तिचं काम सांगायला सोपं आहे. लढाईत बंदराच्या वाटेवर पाणसुरुंग टाकले गेले. लढाई मिटली, मोठ्या माणसांनी हात मिळवले, फोटो निघाले. सुरुंगांना मात्र कुणी कळवलं नाही. ते आपले तळाशी दबा धरून बसलेले, एखादं लोखंडी धूड डोक्यावरून जायची वाट बघत. मासेमारीची होडी वरून गेली तर हूं की चूं करणार नाहीत. मोठं जहाज आलं की मात्र संपलं. त्यामुळे मोठी जहाजं यायची बंद झाली, क्रेनवर गंज चढला, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावरची दुकानं अर्ध्या शटरवर आली.

पूर्वी हे सुरुंग शोधायला पाणबुडे उतरत. गढूळ पाण्यात हाताने चाचपडत. त्यातले काही वर आलेच नाहीत. आता माणूस बोटीवर कोरडा बसतो आणि पाण्यात यंत्रं उतरतात.

पहिलं यंत्र पिवळं, लांबट, दोन्ही टोकांना निमुळतं. त्याला सगळे केळं म्हणतात. केळं तळापासून थोडं वर राहून शेत नांगरावं तसं सरळ जातं, वळतं, शेजारच्या पट्ट्याने माघारी येतं. जाताना दोन्ही अंगांना आवाज सोडतं आणि तळावर आपटून आलेल्या त्या आवाजाचं चित्र बनवतं. चित्रात वस्तू म्हणजे नुसता उजळ ठिपका, तिच्यामागची काळी सावली खरी कामाची. किती उंच, गोल की चौकोनी, आडवी की उभी, सगळं सावली सांगते.

दुसरं यंत्र जावई. बुटकं, चौकोनी, पुढे कॅमेरा आणि मागे बोटीपर्यंत लांबच लांब वायर. जिथे शंका, तिथे जावई जाऊन जवळून बघतो. सुरुंगच निघाला, तर त्याच्या शेजारी स्फोटकाचा डबा ठेवून येतो, बोट लांब पळते आणि मग सुरुंग जागच्या जागी उडवतात.

"जावई का, तर बघा," यंत्रांचा मेकॅनिक नव्या माणसाला समजावतो. त्याच्या मागच्या खिशात कायम पक्कड असते, म्हणून त्याचंच नाव पक्कड पडलंय. "न्यायला-आणायला माणूस लागतो. जरा गार लागलं की रुसतो. वर आला की गोड्या पाण्याने आंघोळ घालावी लागते. येतो घटकाभर, पण घरभर पळापळ."

एकदा परतबाई आईशी फोनवर बोलत असताना पक्कड मागून ओरडला, "बाई, जावई सोडू का पाण्यात?"

आईने ते फोनवर ऐकलं. मग आई म्हणाली, "अगं, आणलास कधी? आणि आणला तर निदान मला दाखव, मग बुडव!"

आई अशी. बाबांचा नमुना वेगळा. बाबा बंदराचे पायलट. बाहेरचं जहाज कितीही मोठं असो, त्याचा कप्तान बंदराच्या तोंडाशी थांबतो. मग छोट्या लाँचमधून पायलट जातो, दोरीच्या शिडीने वर चढतो आणि जहाज आत घेऊन येतो, कारण कुठे खडक आहे आणि कुठे चिखल, हे त्याला पाठ असतं. बाबांनी जन्मभर हेच केलं. ती लहान असताना एकदा हौसेने तिला लाँचमधून नेलं, तर तिने लाँच, लाँचवाला आणि बाबांचे पॉलिश केलेले बूट असं तिन्ही एका दमात भरवलं.

"समुद्र हिच्या वाटेचा नाही," बाबांनी घरी येऊन जाहीर केलं.

तिने ते फारसं मनावर घेतलं नाही. इलेक्ट्रॉनिक्स शिकली, समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या एका कंपनीत लागली. बोट लागत राहिली, बढती मिळत राहिली. सुरुंग काढायला माणसं हवीत म्हटल्यावर तिने अर्ज केला, आणि बघता बघता केळं, जावई आणि ती अख्खी टोळी तिच्या हाताखाली आली. जहाजांचा पाण्यातला रस्ता साफ झाला की नाही, हे आता तीच सांगणार होती.

बाबांची पंचाईत इथेच होती.

महिनाअखेरीला ते निवृत्त होणार होते. रस्ता बंद पडल्यापासून शिडी चढले नव्हते. बाहेर खोल पाण्यात धान्याने भरलेलं एक जहाज नांगर टाकून उभं होतं. ते इतकं भरलेलं की साध्या भरतीला आत येऊच शकत नव्हतं, त्याला उधाणाची भरती हवी. आणि बाबांच्या नोकरीत आता एकच उधाण शिल्लक होतं.

रोज सकाळी टेबलावर हाच विषय.

"कधी उघडताय रस्ता?" बाबा पावाला लोणी लावत विचारायचे. हवामानाची चौकशी करावी इतक्या सहज.

"साफ झाला की."

"होड्या तर रोज जातायत तिथून. काही होत नाही."

"होड्या हलक्या असतात, बाबा. सुरुंग हलक्यांच्या नादी लागत नाही."

"म्हणजे माझं जहाज जड, हा त्याचा गुन्हा?"

"तुमचं जहाज जड म्हणून तर मी सकाळ-संध्याकाळ ओकतेय."

"खाताना नको गं," आई.

"मग काय! मी आपला शर्ट इस्त्री करून ठेवतो. खुंटीवर बरा दिसतो."

"बाबा, टोमणा कळला."

"कळायलाच मारला होता."

वरून असं चालायचं. पण जाताना बाबा तिच्या डब्यात दोन बिस्किटांचे पुडे जास्त टाकत, आणि संध्याकाळी ती यायच्या वेळेला उगाच खिडकीत उभे राहत. त्यांना ते शेवटचं जहाज हवं होतं. तोंडाने मागायची त्यांची रीत नव्हती. तिलाही ते द्यायचं होतं, आणि ते तोंडाने कबूल करायची रीत तिची नव्हती.

रस्ता पट्ट्यापट्ट्याने साफ होत गेला. सुरुंग सापडत गेले, उडत गेले. उरला तो वळणाचा भाग. रस्ता तिथे एका खडकाला वळसा घालतो आणि तळाशी मऊ गाळ आहे.

या कामात एक पद्धत असते. केळं एखाद्या भागात फिरवण्याआधी तिथे आपणच एक नकली सुरुंग टाकायचा. आकार तोच, वजन साधारण तेच, आत दारूऐवजी सिमेंट. बोटीवर त्याला म्हणतात बुजगावणं. केळं फिरून आलं की आधी बघायचं, बुजगावणं दिसलं का? दिसलं, तर केळ्याची नजर ठीक, बाकीचं चित्र विश्वासाचं. नाही दिसलं, तर त्या दिवसाचं सगळं काम रद्द. त्यामुळे चित्रात बुजगावणं दिसलं की माणसं अशी खूश होतात, जशी स्टेशनवर आपलं माणूस उतरताना दिसल्यावर होतात.

वळणावर ते लख्ख दिसलं. उजळ, लांबट, मागे ठसठशीत सावली.

"आलं बुजगावणं!" पक्कडने टाळी वाजवली.

सुकाणूवाल्याने नकाशा पाहिला. "टाकलं त्या जागेपासून जरा सरकलेलं दिसतंय."

"टाकताना बोट हलली असेल. नाहीतर खाली जाता जाता प्रवाहाने ओढलं असेल," परतबाई म्हणाली. "आपलंच आहे."

पुढे केळं त्या भागातून उलटसुलट कितीदा गेलं. आडवं, उभं, तिरकं. तिच्याच हट्टाने. प्रत्येक वेळी ते दिसायचं आणि प्रत्येक वेळी सगळे म्हणायचे, आपलंच आहे. बाकी प्रत्येक संशयाच्या जागी जावई जाऊन जवळून बघून आला. टायर निघालं, पिंप निघालं, एक शिलाई मशीनही निघालं. पण बुजगावण्याकडे जावई पाठवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. घरच्या माणसाकडे ओळखपत्र कोण मागतं?

उधाणाच्या आदल्या दिवशी ती बंदर अधिकाऱ्याच्या खोलीत उभी राहिली. भिंतभर नकाशा, टेबलावर तीन फोन आणि तिन्ही वाजणारे.

"बोला मॅडम. एका शब्दात सांगा."

"साफ."

साहेबांनी तिन्ही फोन एकदम उचलायचा प्रयत्न केला.

सकाळी बाबांनी खुंटीवरचा शर्ट अंगात घातला. आरशात पाहिलं, कॉलर नीट केली, परत पाहिली.

"काय, लग्नाला निघालात?" आईने विचारलं.

"त्या दिवशी एवढा घाबरलो नव्हतो."

"तेव्हा काय वाढून ठेवलंय याची कल्पना नव्हती तुम्हाला."

लाँच बाबांना जहाजाकडे घेऊन गेली. परतबाई बोटीवर गेली. ठरलेलं असं होतं, की बोटीने वळणावरचं बुजगावणं उचलून घ्यायचं आणि मग जहाजाच्या पुढे राहून त्याला आत आणायचं. सुरुंग काढणाऱ्यांचा हा जुना शिरस्ता. साफ म्हणणाऱ्याने पहिल्यांदा पुढे चालायचं.

बुजगावणं उचलणं म्हणजे किरकोळ काम. बोटीवरून पाण्यात एक ठरावीक आवाज सोडायचा, की बुजगावण्याच्या टोपणातून दोरी बांधलेला नारिंगी गोळा सुटून वर येतो. गोळा धरायचा, दोरी ओढायची. पक्कडने आवाज सोडला आणि कठड्याला रेलून गोळ्याची वाट बघू लागला. पडद्यावर ते जिथे दिसायचं, बरोबर त्या जागेवर बोट उभी होती.

"नाही आला," पक्कड म्हणाला. "अरे, तो बघा कुठे आलाय!"

गोळा आला होता, पण बोटीपासून दूर, खडकाच्या बाजूला, नकाशावर बुजगावणं टाकल्याची खूण होती तिकडे.

"वाऱ्याने गेला असेल," सुकाणूवाला म्हणाला.

"वारा आहे का आज?" परतबाईने विचारलं.

पाणी तेलासारखं पसरलं होतं.

त्यांनी जाऊन गोळा धरला. यंत्राने दोरी ओढली. दोरी ताणली, कुरकुरली, आणि तळाने एखादा दात सोडावा तसं बुजगावणं हिसका देऊन सुटलं. वर आलं तेव्हा चिखलाने माखलेलं होतं. अगदी वरपर्यंत. टोपणाची वरची चकती तेवढी स्वच्छ.

पक्कडने पाण्याचा पाइप लावला. "कसलं लडबडलंय बघा, म्हशीसारखं."

"थांब. धुऊ नकोस."

तिच्या आवाजाने पक्कडने पाइप तसाच हातात धरला. तिने बुजगावण्याच्या अंगावर बोट ठेवलं, चिखल संपतो त्या रेषेवर.

"हे इथपर्यंत गाळात होतं."

"हो ना. मऊ आहे खाली. टाकल्या टाकल्या रुतलं असणार."

"इथपर्यंत रुतलेल्या वस्तूची सावली केवढी पडेल?"

पक्कडने चकतीकडे पाहिलं. मग दोन बोटांमध्ये जेमतेम फट ठेवून दाखवली. "एवढीशी."

"आणि आपल्याला दिसत होती केवढी?"

पक्कडचा हात खाली गेला. पाइपमधलं पाणी त्याच्या बुटांवर पडत राहिलं, तरी त्याला पत्ता नव्हता.

"बाई," तो हळूच म्हणाला, "मग ते कोण होतं?"

लांबवर जहाजाचा नांगर वर आला होता. धुराची रेघ तिरकी झाली होती. ते निघालं होतं.

परतबाईने पडद्यावर वळणाचं चित्र पुन्हा काढून पाहिलं. केळं प्रत्येक वेळी खरं सांगत होतं. तिनेच ऐकताना चूक केली होती, तिनेच काल एका शब्दात साफ म्हटलं होतं आणि त्या शब्दावर बाबा शिडी चढले होते. हे सगळं मनाला लावून घ्यायला वेळ नव्हता. तिने रेडिओ उचलला.

"पायलट, सुरुंगबोट बोलतेय."

"बोला, सुरुंगबोट." बाबांचा कामाचा आवाज. रेडिओवर ते तिला अहोजाहो करत.

"जहाज थांबवा. रस्ता साफ नाही."

खरखर. "काल साफ होता."

"काल मी चुकले."

"तिथे काही आहे, याची खात्री आहे?"

"नाही. नाही याचीही खात्री नाही. म्हणून थांबवतेय."

"भरती थांबत नाही, सुरुंगबोट."

"माहीत आहे."

"पुढचं उधाण माझ्या…"

"माहीत आहे, बाबा."

रेडिओवर बाबा म्हणायची पद्धत नव्हती. मग त्यांचा आवाज आला, पण आता घरातला. "काय पाहिलंस, पोरी? नीट सांग."

तिने सांगितलं. गोळा कुठे वर आला, चिखल कुठपर्यंत होता, सावली केवढी दिसायची.

"तिथला गाळ वस्तू खातो," बाबा म्हणाले. "माझा एक नांगर खाल्लाय त्याने. तिथे टाकलेलं लोखंड वर दिसत राहील, हे मलाच सुचायला हवं होतं. तुझं जे दिसतंय, ते गाळाच्या कडेला पलीकडे घट्ट वाळूवर आहे." मग मागे वळून कुणाला तरी, खणखणीत, "इंजिन बंद! नांगर टाका!"

लगेच तिसरा आवाज घुसला. बंदर अधिकारी. "हे काय चाललंय? धक्क्यावर माणसं जमलीत, हारतुरे झालेत! कुणाच्या परवानगीने थांबवलं?"

"पायलटच्या," बाबा म्हणाले. "जहाज सध्या माझ्या ताब्यात आहे, साहेब. आणि मला आत यायचं नाहीये."

"मॅडम, तुम्ही काल माझ्यासमोर…"

"काल म्हणाले ते मागे घेते, साहेब. आज म्हणते, साफ नाही. तुमचे तिन्ही फोन वाजतील, सगळ्यांना माझं नाव सांगा." तिने रेडिओ जागेवर ठेवला. "पक्कड, जावई पाण्यात."

जावई उतरला. सगळे पडद्याभोवती गोळा झाले. हिरवट धूसर पाणी, त्यात तरंगणारा कचरा, मग वाळू. मग वाळूतून वर आलेली एक गोल कड. बुजगावण्याला उचलायची कडी असते, तशी कडी हिला नव्हती. जावई हळूच वळसा घालून गेला. दुसऱ्या बाजूला शेवाळाखाली रंगाने लिहिलेले आकडे होते, त्यांच्यापैकी कुणीही न लिहिलेले.

सुकाणूवाल्याने टोपी काढली, परत घातली. "याच्यावर बोट उभी करून चहा प्यायलोय मी."

"आपण सगळेच प्यायलोय," परतबाई म्हणाली. "पक्कड, स्फोटकाचा डबा लाव. आणि आज घाई नको. भरती गेलीच आहे, आता कुणी आपल्या पाठी लागलेलं नाही."

जावयाने डबा ठेवला आणि तो परत आला. बोट लांब गेली. पाणी आधी फुगलं, मग पांढरं झालं, मग खडकाहून उंच उभं राहिलं. दणका बोटीच्या तळातून सगळ्यांच्या गुडघ्यांत शिरला.

काही वेळाने रेडिओ खरखरला. "इथून दिसलं," बाबा म्हणाले. "इथल्या कप्तानाच्या अंगावर चहा सांडला. वरून जाताना उठला असता, तर…" वाक्य त्यांनी तिथेच सोडलं. "बरं. लाँच पाठवा म्हणावं. मला खाली उतरायचंय."

संध्याकाळी शर्ट परत खुंटीवर होता. बाबा खिडकीत बसले होते, पाठ खोलीकडे.

"रागावलात?" तिने विचारलं.

"रागावलोय. उधाणावर."

"आणि माझ्यावर?"

बाबा वळले. "तुझ्यावर राग नाही. प्रश्न आहे. काल तू साफ म्हणालीस, आज नाही म्हणालीस. उद्या परत साफ म्हणशील. तेव्हा त्या जहाजावर जो कुणी चढेल, त्याने कशावर विश्वास ठेवायचा?"

आईने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिलं आणि डोकं आत घेतलं.

परतबाईला प्रश्न झोंबला, पण ती तडकली नाही. "माझ्यावर नका ठेवू. कामावर ठेवा," ती म्हणाली. "जिथे जिथे आम्ही बुजगावणं टाकलं होतं, ती प्रत्येक जागा उद्यापासून नव्याने बघायची. अख्खा रस्ता. आणि इथून पुढे बुजगावणं दिसलं तरी जावई जाणार, हात लावून बघणार, मगच आपलं म्हणायचं. तुम्हाला बघायचं असेल तर पुढच्या उधाणाला बोटीवर या. पहिल्या जहाजाच्या पुढे माझीच बोट असणार आहे."

"तोवर मी रिटायर."

"मग तर काहीच काम नसेल तुम्हाला. या."

महिना संपला. बंदराच्या नियमांना माणसाचा वाढदिवस कळतो, समुद्राचं उधाण कळत नाही. बाबांना एक घड्याळ आणि एक भाषण मिळालं. परतबाईची टोळी रोज पाण्यावर होती. जुन्या जागा एकेक करून तपासल्या. एका ठिकाणी नव्याने टाकलेलं बुजगावणं ठरल्या जागी दिसलं, तरी जावयाने त्याला तीन बाजूंनी न्याहाळलं.

"अहो बाई, आपलंच आहे," पक्कड कळवळला. "त्याच्यावर माझं अक्षर आहे!"

"अक्षर दाखव मग कॅमेऱ्यात."

दाखवलं. अक्षर घाणेरडं होतं, पण पक्कडचंच होतं.

उधाणाच्या दिवशी ती परत त्या खोलीत उभी राहिली. साहेबांनी या वेळी एका शब्दात मागितलं नाही. "बसा," ते म्हणाले. "सगळं सांगा." तिने सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाली, "साफ." आवाज मागच्या खेपेइतकाच ठाम होता.

बोटीवर बाबा साध्या शर्टात आले. उतारू म्हणून बोटीवर चढायची त्यांना सवय नव्हती, चढल्या चढल्या त्यांनी दोऱ्या तपासल्या, सुकाणूवाल्याला दोन सूचना दिल्या आणि पक्कडला विचारलं, "तो जावई कुठाय? आमच्या हिला त्याचा फोटो हवाय."

मागे जहाज निघालं. त्यावर बाबांच्याच हाताखाली शिकलेला तरुण पायलट होता. बोट पुढे, जहाज मागे, इतकं मोठं की मागे बघितलं तर आकाश कमी दिसत होतं. वळण जवळ आलं. बाबांची बोटं कठड्यावर हलत होती. डावीकडे, जरा अजून, आता धर.

"रेडिओ दे जरा," ते पुटपुटले.

"नाही."

"एकच शब्द सांगतो त्याला."

"बाबा, जहाज त्याचं आहे."

बाबांनी ओठ मिटले. सगळं आयुष्य शब्द टाकून जहाजं वळवलेल्या माणसाने मुकाट्याने बघायचं म्हणजे काय ते त्यांच्या मानेच्या शिरांवर दिसत होतं. जहाजाचं पुढचं टोक वळलं. मग पोट वळणावरून गेलं, जिथे तो सुरुंग बसलेला होता बरोबर तिथून. परतबाई पडद्याकडे बघत नव्हती, जहाजाकडेही नाही. ती बाबांकडे बघत होती, आणि बाबा पाण्याकडे. पाणी नुसतं पाणी राहिलं. शेपटीमागचा फेस खडकाला लागून पसरला आणि विरला.

"वळण पार," रेडिओवर तरुण पायलटचा आवाज आला, श्वास सोडत.

"बरं आणलं," बाबा म्हणाले. "जरा घाबरत घाबरत आणलं, पण बरं आणलं."

"घाबरायचं कारण नव्हतं त्याला," ती म्हणाली. "मी साफ सांगितलं होतं."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. काहीतरी टोचणारं बोलायला तोंड उघडलं, मग बेत बदलला. "हो," एवढंच म्हणाले.

जहाज धक्क्याकडे गेलं. तिकडून भोंगे वाजू लागले, क्रेनची मान कधी नव्हे ती हलली. बोट मात्र तिकडे गेली नाही. खडकाच्या पलीकडे दुसरा रस्ता होता, लहान जहाजांचा, अजून न बघितलेला.

"पक्कड, केळं तयार ठेव," परतबाईने बिस्किट तोंडात टाकलं.

"मी थांबलो तर चालेल?" बाबांनी विचारलं. "घरी तुझी आई कपाटं आवरायला लावते."

"थांबा की. त्या स्टुलावर बसा. पडद्यावर काही दिसलं तर सांगा, पण आपलंच आहे असं म्हणायचं नाही."

बाबा थेट पडद्यासमोरच्या खुर्चीकडे निघाले.

"स्टुलावर, बाबा. खुर्ची माझी आहे."